भट्टीवाल्या ढवळेभाऊंचं लॉन

ढवळेभाऊ गवताचा ताप बघायचे. म्हणजे अगदी आपण लेकराच्या कपाळाला लावतो तसा उलटा हात गवताला टेकवायचे, जरा थांबायचे आणि मग तो हात डोळ्यांसमोर धरून बघायचे. हाताला पाणी लागलेलं दिसलं की मान हलवून पुढे चालायला लागायचे. रोज सकाळी साडेसहाला. पहिल्यांदा मी हे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून पाहिलं तेव्हा सुनेला हाक मारली, म्हटलं, "अगं, खाली बघ, कोणीतरी गवताच्या पाया पडतंय." सून म्हणाली, "आई, ते ए विंगमधले ढवळेकाका. रिटायर झालेत." जणू रिटायर झाल्यावर माणसं असंच करतात.

आम्ही रावेतला राहायला आलो ते मुलानं फ्लॅट घेतला म्हणून. त्याआधी माझी तीस वर्षं काळेवाडीत दोन खोल्यांत गेली. आमचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, चिंचवडला कंपनीत होते, ते गेल्यावर मुलगा मला एकटीला तिकडे ठेवेना. इथे सगळं छान, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास, पण बोलायला माणूस नाही. म्हणून मी भाजी घेऊन खाली जायचे. दोन इमारतींच्या मधे बिल्डरनं एक लॉन करून ठेवलेलं आहे, आमची काळेवाडीची अख्खी चाळ त्यात मावेल एवढं, आणि त्याच्या कडेला एक सिमेंटचं बाक. तिथे बसून मी मेथी निवडत होते आणि काड्या गवतात टाकत होते. ढवळेभाऊ आले, वाकून एकेक काडी उचलायला लागले.

"ताई, हे काय टाकायलात?"

"काड्या आहेत. कुजतील, खत होईल."

"कुजायला टाइम किती लागंल?"

"आता ते मला काय माहीत?"

"मग टाकू नका. ज्याचा टाइम माहीत नाही ते भट्टीत घालायचं नसतंय."

मी म्हटलं, हा माणूस भट्टीचं काय बोलतोय, समोर तर गवत आहे. पण त्यांनी सगळ्या काड्या गोळा केल्या, रुमालात बांधल्या आणि कुठे तरी नेऊन टाकल्या. राग आला मला. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर घेऊन गेले आणि देठ मुकाट्यानं पिशवीत ठेवले.

पुढे ओळख झाली तेव्हा भट्टीचं कळलं. ढवळेभाऊ मूळचे लातूरकडचे. तरुणपणी आले ते आधी भोसरीला आणि मग चाकणला, गिअर बनवणाऱ्या कंपनीत. उभा जन्म त्यांनी हीट ट्रीटमेंट खात्यात काढला. म्हणजे तयार झालेला गिअर भट्टीत घालून कडक करायचा, तो विभाग. घरात बसून बोलतानासुद्धा डोळे बारीक करून बोलायचे, समोर आग असल्यासारखे. उजव्या हातावर कोपरापर्यंत केस नव्हते. आमच्या मालकांच्या कंपनीतही असं खातं होतं, पण मालक कधी सांगायचे नाहीत तिथे काय चालतं. ढवळेभाऊ सांगायचे. कोणी विचारो न विचारो, सांगायचे.

"लोखंड अमोनिया खातं, ताई. खोटं वाटंल तुम्हाला. भट्टीत गिअर ठेवायचे, अमोनियाचा गॅस सोडायचा, आणि दीड दिवस थांबायचं. त्यातला नायट्रोजन हळूहळू लोखंडाच्या कातडीत शिरतो. कमी दिला तर गिअर मऊ राहतो. जास्ती दिला तर वरचा थर ठिसूळ होऊन सोलून पडतो. आता युरियात काय असतं? तेच. गवताला पण तेच, लोखंडाला पण तेच. दोघांना मोजून द्यायचं आणि थांबायचं."

हे ऐकून मी घरी आले आणि मुलाला विचारलं, खरंच लोखंड गॅस खातं का रे? तो म्हणाला, हो, नायट्रायडिंग म्हणतात. मग माझा ढवळेभाऊंवर विश्वास बसला. तोपर्यंत मी त्यांना थोडे सरकलेले समजत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

लॉनची जबाबदारी त्यांच्याकडे कशी आली त्याचीही गंमत आहे. ठेकेदाराचा माळी आठवड्यातून एकदा यायचा, मोटर लावून पाणी सोडायचा आणि सावलीत झोपायचा. ढवळेभाऊंनी कमिटीला पत्र दिलं. पत्रात माळ्याची तक्रार नव्हती, नुसता आठवड्याभराचा तक्ता होता: पाणी किती वेळ, कुठल्या कोपऱ्यात पोचलं, कुठल्या नाही. कमिटीनं कंटाळून लॉन त्यांच्याच गळ्यात घातलं. त्यांना तेच हवं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची खत टाकायची रीत बघण्यासारखी होती. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं बारीक भोकं पाडलेली. डब्यात युरिया आणि कोरडी वाळू मिसळून भरायची. मग चाळणीनं पीठ चाळावं तसा डबा हलवत लॉनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत जायचं. अर्धं खत असं उभं टाकायचं, अर्धं आडवं. आणि लगेच पाइप घेऊन पाणी मारायचं, पानावर एक दाणा राहता कामा नये. "पोटात गेलं पाहिजे, अंगावर राहिलं की भाजतं," म्हणायचे. त्याच्याही आधी ट्रान्स्फॉर्मरच्या मागे पाटाएवढा एक गवताचा तुकडा राखलेला, त्याच्यावर तीन दिवस आधी तेच खत टाकून बघायचे. तो नमुन्याचा तुकडा. तो पास झाला तर बाकीच्या लॉनचा नंबर. मी एकदा म्हटलं, "भाऊ, हे गवत आहे की जावई?" ते म्हणाले, "जावई पण बघूनच केलाय."

वर्षातून सगळ्यात मोठं खत पडायचं ते परतीच्या पावसानंतर. चार महिने पाणी खाऊन लॉन पिवळं पडलेलं असायचं, जमिनीतलं सगळं सत्त्व वाहून गेलेलं. पण पाऊस थांबल्याशिवाय टाकायचं नाही, नाहीतर खत सरळ गटारात. पान ओलं असताना टाकायचं नाही, दाणे चिकटून बसतात. आणि ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत टाकायचं, नाहीतर तेही जाळतं. मधे ज्या चार-सहा कोरड्या सकाळी मिळतात त्या पकडायच्या. त्या सकाळी कधी येतात त्याच्यासाठी तो उलटा हात. पंधरा-पंधरा दिवस माणूस नुसता हात लावून परत जायचा.

सगळं वहीत लिहायचे. जाड पुठ्ठ्याची वही, तारीख, पाऊस, खत किती, कोणी टाकलं, आणि शेवटचा रकाना 'बिघाड'. मी म्हटलं, बिघाड कशाला लिहायचा, आपल्याच हातानं आपलीच नाचक्की? तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "ताई, भट्टीवर माल जळतोच. सगळ्यांच्या हातून जळतो. माझ्या हातून पण जळालाय. जळाला म्हणून कोणाला काढत नाहीत. पण एखादा जळालेला माल गुपचूप चांगल्या मालात मिसळतो, बघा. तो माणूस धोक्याचा. तो गिअर जातो गाडीत, आणि गाडी तुटते घाटात." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. मी तेव्हा हो हो म्हटलं. कोणाचं काय जातंय हो म्हणायला.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. गणपती भिजले, पितरांचे कावळे भिजले, घट बसले तरी रोज दुपारी आभाळ भरून यायचं. लॉन पिवळंधमक. आणि त्याच वर्षी कमिटीत नवा विषय निघाला: लॉन काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे, म्हणजे सिमेंटच्या विटा, आणि वर पार्किंग करायचं. सेक्रेटरी देशमाने हा तरुण मुलगा, चांगला मुलगा, त्याला उगीच नावं ठेवणार नाही मी. त्याची नवी गाडी बाहेर रस्त्यावर उभी राहायची आणि डंपरनं तिचा आरसा दोनदा तोडला होता. तसे आणखी अठराजण होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की हे लॉन इथे येतच नाही, खाली बिल्डरचा भराव आहे, दर पावसाळ्यात पिवळं पडतं, कशाला त्याच्यावर जीव टाकायचा? दसऱ्यानंतरच्या रविवारी सभा ठरली. सभेत हात वर करून निकाल.

म्हणजे लॉन वाचायचं तर तोपर्यंत जरा तरी हिरवं दिसायला हवं होतं. मी ढवळेभाऊंच्या मागे लागले, "टाका की हो खत."

"पान ओलं हाय."

"सभा जवळ आली."

"सभा गवताला माहीत नाही, ताई."

त्यात त्यांच्या गावी भावकीचं नवरात्र होतं, यंदा त्यांच्या घराकडे मान होता. अष्टमीला सकाळी ते आणि वहिनी लातूरच्या गाडीला निघाले. खताची गोणी पंपाच्या खोलीत ठेवली, किल्ली वॉचमन तिवारीकडे दिली आणि त्याला बजावलं, "मैं आने तक कोई हाथ नहीं लगाएगा." मलाही सांगितलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे हा सण कारखान्यांचा. मुलगा कंपनीत मशीनच्या पूजेला गेला होता. सोसायटीतही आम्ही बायकांनी पंपाची पूजा केली. मीच पुढे होते. पंपाला हार घातला, गवत कापायच्या यंत्राला, पाण्याच्या पाइपला आणि ढवळेभाऊंच्या त्या भोकाच्या डब्यालासुद्धा हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. बायका घरी गेल्या. बाहेर भुरभुर पाऊस. मी गोणीकडे बघत उभी राहिले.

आता माझं माहेर पवन मावळातलं. भातात जन्मलेली मी. आमच्या खाचरात युरिया टाकायचा तो पाणी भरलेलं असतानाच, ओटीत घ्यायचा आणि मुठीनं भिरकावत जायचं. माझ्या मनानं घेतलं, पाऊस असताना खत टाकायचं नाही हे लातूरकडच्या कोरड्या रानाचं शास्त्र आहे, आमच्याकडे असलं काही नाही. भुरभुर आहे, विरघळेल. रविवारपर्यंत हिरवंगार.

तिवारी म्हणाला, "माताजी, साहब मना करके गए हैं."

मी म्हटलं, "तुझ्या साहेबाला गिअर समजतात. भात मला समजतं. तू गेटवर जा."

डब्यानं टाकलं असतं तरी निभावलं असतं कदाचित. पण डब्याला मीच हळदकुंकू लावलेलं. खंडेनवमीला पूजेला बसवलेलं हत्यार वापरत नाहीत, दसऱ्याला आरती होईपर्यंत त्याला विश्रांती. म्हणून डबा सोडला. पदर खोचून ओटी केली आणि हातानं टाकलं, डाव्या हातानं, कारण मी डावरी. पाइपही पूजेतला, म्हणून वरून पाणीही मारलं नाही. म्हटलं पाऊस आहे की. मी घरी आले, आंघोळ केली आणि पुरणाला लागले. तासाभरात भुरभुर थांबली, आणि पंधरा दिवसांत पडलं नव्हतं असं ऊन पडलं.

दसऱ्याच्या दिवशी काही दिसलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी गॅलरीतून खाली बघितलं तर लॉनवर तपकिरी कोयऱ्या उमटलेल्या. ओळीनं, एकीपुढे एक, नक्षी काढल्यासारख्या. माझ्या हाताची फेक जशीच्या तशी तिथे भाजलेली होती. मी पडदा ओढून घेतला.

ढवळेभाऊ त्याच दुपारी आले. पिशवी खाली ठेवायच्या आत लॉनवर गेले. मी खाली उतरले, न उतरून करते काय. ते उकिडवे बसले होते. त्यांनी खिशातून स्टीलची फूटपट्टी काढली आणि कोयऱ्या मोजायला लागले. तिवारी गेटवर ताठ उभा, आभाळाकडे बघत. त्याला त्यांनी काहीएक विचारलं नाही. मला वाटतं मुद्दामच विचारलं नाही, विचारलं असतं तर त्याला एक तर खोटं बोलावं लागलं असतं नाहीतर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

"टाकणारा डावखुरा हाय," ते पट्टीकडे बघत म्हणाले. "उंचीनं पाच फुटाच्या आत. आन् भातवाला हाय."

मी म्हटलं, "भातवाला कशावरून?"

"ज्वारीवाला माणूस खत ओळीनं, बुडात टाकतो. हे पाण्यावर पसरल्यासारखं टाकलंय." मग बाकाकडे पट्टी करून म्हणाले, "बाकाजवळ जरा जास्तीच पडलंय. बाकावर जीव असंल त्याचा."

माझ्याकडे बघितलं नाही. उठले, पाइपला लावलेलं फूल काढून खिशात ठेवलं, आणि लॉनवर पाणी सोडलं. तेवढ्यात पुन्हा पाऊस आला. तर हा माणूस पावसात, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून, लॉनला पाणी मारतोय. दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. वरून कोणीतरी ओरडलं, "काका, पाऊस कमी पडतोय का?" ते म्हणाले, "व्हय. पाऊस वरवरचा हाय." असे दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, खत मुळापासून खाली धुऊन काढत होते.

त्या दोन दिवसांत मी खाली गेले नाही. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. सांगावं असं शंभरदा वाटलं, पण काळेवाडीहून आलेली म्हातारी, चार बायकांत मिरवणारी, भात मला समजतं म्हणणारी. बायका काय म्हणतील, सून काय म्हणेल. असंच असतं ते, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये सभा भरली. सतरंजी घातलेली, मागे टेबलावर चहा आणि चुरमुऱ्याचा चिवडा. देशमानेनं भिंतीवर लॉनचे फोटो दाखवले. कोयऱ्या मोठ्या करून दाखवल्यावर फारच वाईट दिसत होत्या. तो म्हणाला, "मी एका नर्सरीवाल्याला फोटो पाठवले. तो म्हणाला बुरशी असू शकते, ही जमीनच लॉनची नाही. मी काही वेगळं सांगत नाहीये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. काका, तुम्हीच सांगा, हे काय झालंय?"

ढवळेभाऊ उभे राहिले. "बुरशी नाही. खत जास्ती पडलंय, ओल्या पानावर. पान जळालंय, मुळं जिवंत हायेत. तीन आठवड्यांत नवं पान येईल."

"खत तुम्ही टाकलं?"

"नाही."

"मग कोणी टाकलं?"

"ते मी सांगणार नाही. मी टाकताना बघितलं नाही."

"पण मग खतच पडलंय कशावरून? बुरशी नाही कशावरून?"

"मी सांगायलोय त्याच्यावरून."

कोणीतरी हसलं. देशमाने हसला नाही, पण म्हणाला, "काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण एवढ्यावर निर्णय कसा घ्यायचा? मी विषय मतदानाला टाकतो."

ढवळेभाऊ खाली बसले. हात मांडीवर ठेवून, अगदी शांत. मला कळलं, हा माणूस आता एक शब्द बोलणार नाही. लॉन गेलं तरी बोलणार नाही. ते नाव जिचं आहे तिनंच घ्यायचं, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो त्यांनी मला चहा पिता पिता आधीच ऐकवलेला होता.

मी उठले. "म्या टाकलं."

सगळ्या माना वळल्या. घाबरले किंवा रागावले की माझी भाषा मावळात जाते. "खंडेनवमीला टाकलं. भाऊंनी नको म्हटलं व्हतं तरी टाकलं. मला वाटलं भातावाणी असंल."

आणि मग काय व्हावं? कोणी विश्वासच ठेवेना! देशमाने इतक्या प्रेमानं म्हणाला, "काकू, तुम्ही काकांना वाचवायला बघताय. बसा तुम्ही." मागच्या बायका म्हणाल्या, "किती चांगल्या आहेत हो." सून माझा पदर ओढत होती, "आई, बसा ना." दोन दिवस जी नाचक्की टाळायला मी घरात लपले, ती आता मागून घ्यायला गेले तर मिळेना. तिवारीला बोलवा म्हटलं, तर तो गेट सोडून येईना.

मला संताप आला. मी मागच्या टेबलाकडे गेले, पातेल्यात हात घालून चिवड्याची मूठ भरली आणि सतरंजीवर डाव्या हातानं भिरकावली, खाचरात भिरकावतात तशी. चुरमुरे पसरले. कोयरीच्या आकारात. भिंतीवरच्या फोटोत होती तीच कोयरी, शेंगदाणे टोकाला.

मग ढवळेभाऊ उठले. खिशातून पट्टी काढली, सतरंजीवर गुडघे टेकले आणि चिवडा मोजला. "अडीच फूट," ते म्हणाले. "लॉनवर पण अडीचच हाय. जुळतंय."

आधी हशा पिकला आणि तो बराच वेळ चालला. देशमाने पहिल्यांदा मनापासून हसला आणि मग म्हणाला, "म्हणजे जमिनीचा दोष नाही."

"जमीन चांगली हाय," ढवळेभाऊ म्हणाले. "पाणी देऊन बघितलंय, मुरतंय. दोष हातानं झालाय, आन् हाताचा दोष दुरुस्त होतोय."

हात वर झाले. लॉन राहिलं. सहा हातांच्या फरकानं राहिलं, फार काही मोठा विजय नव्हे. गाड्यांसाठी मागच्या भिंतीकडची पडीक जागा साफ करायचं ठरलं, ती आधीच का केली नाही हे कोणालाच सांगता आलं नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत कोयऱ्यांत नवं पान आलं, बाकीच्या लॉनपेक्षा गडद. पुढे महिनाभर पोरं मला चिवडाआजी म्हणत होती.

त्या रविवारी दुपारी ढवळेभाऊ वही घेऊन आमच्या दारात आले. उघडून माझ्यापुढे धरली. 'कोणी टाकलं' आणि 'बिघाड' हे दोन रकाने मोकळे होते. म्हणाले, "तुमच्या हातानं लिहा." माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. मी लिहिलं: ओल्या पानावर युरिया, मुठीनं, पाणी मारलं नाही. खाली नाव. त्यांनी वाचलं, एक काना राहिला होता तो दाखवला, आणि वही बंद केली. "आता पुढच्या वर्षी तुम्ही टाकायचं. ज्याच्या हातून एकदा जळालंय तो मोजून टाकतो." मला वाटलं चेष्टा आहे. पुढच्या वर्षी खरंच डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः पाइप धरून मागे चालले.

असे तीन पावसाळे गेले. मग वहिनींचे गुडघे फार दुखायला लागले, मुलगी लातूरला होती, तिनं घराशेजारी घर बघितलं. ढवळेभाऊंनी फ्लॅट विकला. मला ते त्यांनी सांगितलं ते लॉनवर, हात टेकवून झाल्यावर, "कोरडं हाय" म्हणतात त्याच आवाजात. जाण्याच्या दिवशी टेम्पोत सामान भरलं जात होतं आणि ते मला लॉनभर फिरवत होते: इथे मुंग्या आहेत, इथे सावलीमुळे विरळ, इथे पाइपचा जोड गळतो. कंपनीत चार्ज देतात तसा चार्ज दिला. मी डब्यात थालीपीठं बांधून आणली होती, ती एका हातात धरून मी त्यांचं ऐकत उभी.

निघताना मी विचारलं. तीन वर्षं मनात होतं, विचारलं नव्हतं. म्हटलं, "भाऊ, त्या सभेत मी उठले नसते तर?"

"तर लॉन गेलं असतं."

"आन् तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी डोळे बारीक केले, जरा विचार केला.

"पेव्हर ब्लॉक नीट बसवून घेतले असते," म्हणाले, आणि थालीपिठांचा डबा माझ्या हातातून घेऊन टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.